शेजारच्या आजींनी दिलेला किमोनो

प्रश्न : ताई, आम्ही मूळचे बडोद्याचे, सध्या ओसाकाला राहतो. शेजारच्या आजींनी त्यांच्या नातीचा किमोनो आमच्या सात वर्षांच्या लेकीला शिचि-गो-सानसाठी, म्हणजे लहान मुलांना देवळात नेतात त्या जपानी सणासाठी, देऊ केलाय. अमेरिकेतली नणंद म्हणते, दुसऱ्यांची संस्कृती अशी मिरवू नये. दांडिया बझारातून सासूबाई विचारतात, आपलं परकर-पोलकं काय वाईट?

उत्तर : अहो, घ्या की! नवरात्रात चणियाचोळी घालून गरब्याला उतरताना बडोद्यातल्या मराठी बायकांनी कुणाची परवानगी काढली होती, हे सासूबाईंना हळूच विचारा. (चिडल्या तर माझं नाव सांगू नका.)

नणंदेचं म्हणणं मात्र उडवून लावू नका. २०१५ साली बोस्टनच्या कलासंग्रहालयात फ्रेंच चित्रकार मोनेच्या चित्रासमोर किमोनो चढवून फोटो काढायची सोय केली होती. निदर्शनं झाली, ती सोय बंद करावी लागली. पण विरोधाला विरोध म्हणून तिथे किमोनो घालून आलेलेही होते. तुमच्याकडे सण आहे, हौसेनं देणारी आजी आहे. तिला नाही म्हणाल तर तीच हिरमुसेल.

हा सण १५ नोव्हेंबरच्या आसपास असतो. तीन वर्षांच्या मुलीला किमोनोवर बिनबाह्यांचं जाकीट घालतात. सातव्या वर्षी मोठ्या बायकांसारखी ओबी, म्हणजे कमरेचा रुंद पट्टा, बांधायची. म्हणून ती आजींच्याच हातून बांधून घ्या, व्हिडिओ बघून खटपट करू नका. अंगावर डावी बाजू वर आली पाहिजे. उजवी वर घेतात ती मृताच्या अंगावर, तेवढं विसरू नका. खांद्याला नि कमरेला दुमड घातलेली असते, मूल वाढलं की ती सोडायची; आपल्या वाढत्या अंगाच्या परकरासारखीच. व्हिडिओ कॉलवर सासूबाईंना नेमकी तीच दाखवा. देवळात जायचंय म्हणून बिचकू नका, नमस्कार करायला आपल्याला कुठलं देऊळ चालत नाही?

हाच किमोनो हॅलोविनला सोंग म्हणून मात्र नको. तसाच अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा पिसांचा शिरपेच. तो मानानं मिळवायचा असतो, दुकानातून आणायचा नसतो.

किमोनो रेशमी असेल तर घरी धुऊ नका. कसा परत करायचा ते आजींनाच विचारा. दिवाळी तेव्हा जवळपासच असते, सोबत फराळाचा डबा द्या. चकलीत तिखट जरा बेतानं.