चाल, वेग, गती : ‘वेगमर्यादा’ चुकीची का?

प्रश्न असा : विज्ञानाच्या पुस्तकात चाल आणि वेग वेगळे शिकवतात, मग समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० किमीची ‘वेगमर्यादा’ कशी? आणि ‘गती’ कुठे बसते?

परिभाषेत बोलायचं तर ती चालमर्यादा आहे. गाडी मुंबईकडे चाललीय की नागपूरकडे, याच्याशी नियमाला देणंघेणं नाही. नुसता आकडा म्हणजे चाल, आकड्यासोबत दिशा आली की वेग. पहिली अदिश राशी, दुसरी सदिश. गती म्हणजे जागा बदलण्याची क्रिया. ते माप नव्हे, म्हणून उत्तरपत्रिकेत ‘गती ताशी ४० किमी’ लिहू नये. बोलण्यात ‘चाल’ म्हटलं की आधी गाण्याची नाहीतर बुद्धिबळाची आठवते, त्यामुळे तिथे ‘वेग’च रुळला. रुळू द्या, मर्यादेचं नाव बदलायची गरज नाही.

नागपुरात सीताबर्डीहून एक मेट्रो खापरीकडे निघाली, दुसरी लोकमान्य नगरकडे, दोन्ही ताशी ४० किमीने. चाल एकच, वेग वेगळे.

गणितात घोळ होतो तो अंतर आणि विस्थापनात (सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचं सरळ अंतर, दिशेसह). समजा, झिरो माइलपासून स्कूटर ३ किमी पूर्वेला आणि तिथून ४ किमी उत्तरेला गेली, एकूण १५ मिनिटांत. कापलेलं अंतर ७ किमी, म्हणून सरासरी चाल ताशी २८ किमी. विस्थापन मात्र सरळ रेषेत ५ किमी. सरासरी वेग ताशी २० किमी, पूर्वेकडून उत्तरेकडे सुमारे ५३ अंशांवर. दिशा लिहिली नाही तर उत्तर अर्धंच. स्कूटर परत झिरो माइलला आली, तर अख्ख्या फेरीचा सरासरी वेग शून्य!

रिंग रोडच्या वळणावर काटा ४० वर स्थिर असला तरी दिशा बदलतेय, म्हणजे वेग बदलतोय, म्हणजे त्वरण आहे. मुलं इथे हमखास ‘त्वरण शून्य’ लिहितात. ऋण वेगाचंही तसंच : गाडी मंदावली असं नव्हे, ती उलट दिशेने चाललीय.

वाऱ्याच्या बाबतीत आणखी एक गंमत. ‘वायव्येचा वारा, ताशी १५ किमी’ यात दिशा आहे, पण वारा जिकडून येतो ती. वेगाचा बाण आग्नेयेकडे काढायचा.

उलट, पृथ्वीचा ‘मुक्तिवेग’, म्हणजे तिच्या ओढीतून कायमचं सुटायला लागणारा वेग, सेकंदाला ११.२ किमी, आणि हवेचा अडथळा सोडला तर जमिनीत न घुसणारी कुठलीही दिशा त्याला चालते. नावात वेग असला तरी ती चालच.