तुझ्या पत्रात तू कुठे आहेस?

प्रिय मैत्रिणी,

"मी कमी पडतेय का?" हा प्रश्न तू पत्रात पुन्हा पुन्हा विचारला आहेस, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. नाही, तू कमी पडत नाहीयेस.

लग्नाला नऊ वर्षं झाली. तू झोपलीस असं समजून नवरा रात्री मोबाइलवर पॉर्न बघतो, हे तुला नुकतंच कळलं. विचारल्यावर 'सगळेच बघतात, त्यात काय एवढं' म्हणत त्याने विषय उडवून लावला. तुमचं जवळ येणं आता क्वचितच, तेही उरकून टाकल्यासारखं. म्हणून तू विचारतेस, व्हिडिओतल्या बायकांसारखं वागले तर तो पुन्हा माझ्याकडे वळेल का?

पुष्कळ पुरुषांना ही सवय लग्नाच्या कितीतरी आधी लागलेली असते. ताण आला, झोप येईना, कंटाळा आला की हात आपसूक मोबाइलकडे जातो. बायको दिसायला कशी आहे, याच्याशी त्याचा बहुधा संबंध नसतो. पण म्हणून तुला वाईट वाटायला नको होतं, असं मी मुळीच म्हणणार नाही. शेजारी झोपलेल्या माणसाने पाठ फिरवून, आवाज बंद करून काही लपवावं, हे मनाला लागतंच.

२०१७ मध्ये १० देशांतल्या ५० अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. पॉर्न बघणाऱ्या पुरुषांमध्ये लैंगिक सुखाबद्दल आणि नात्याबद्दल समाधान काहीसं कमी आढळलं; बायकांच्या बाबतीत तसं दिसलं नाही. मात्र बघण्यामुळे समाधान घटलं, की समाधान नव्हतं म्हणून बघणं वाढलं, हे नुसत्या अशा आकड्यांवरून ठरवता येत नाही. तुमच्या बाबतीतही हेच तपासायला हवं. पत्राच्या शेवटी जाताजाता तू लिहिलंयस, 'मूल झाल्यापासून तसंही आमच्यात फारसं काही नव्हतं.' माझ्या मते कळीचं वाक्य हेच. अंतर आधी पडलं, मोबाइल तुला नंतर दिसला.

आणखी एक गोष्ट मला फार खटकली. एवढ्या मोठ्या पत्रात त्याला काय आवडत असेल याचाच विचार आहे. तुझ्याबद्दल फक्त एवढंच, 'माझं तर कधी होतच नाही, पण ते सोडा.' ते कसं सोडू? कितीतरी बायकांना नुसत्या संभोगाने ऑर्गॅझम, म्हणजे सुखाचा परमोच्च क्षण, येत नाही. क्लिटोरिसला, म्हणजे योनीच्या वरच्या बाजूच्या अतिशय संवेदनशील भागाला, स्पर्श लागतो, वेळ लागतो, मनात धाकधूक नसावी लागते. पॉर्नमध्ये हे सहसा दिसत नाही. तिथलं लांबलचक दृश्य तुकडे जोडून केलेलं असतं. २००५ मध्ये पाच देशांतल्या ५०० जोडप्यांनी स्टॉपवॉच लावून वेळ मोजली, तेव्हा निम्म्या जोडप्यांचा प्रत्यक्ष संभोग सरासरी ५.४ मिनिटांच्या आत आटोपत होता. व्हिडिओतल्या बायकांची नक्कल करून तुझ्या वाट्याला काय येणार, सांग बरं? त्यातलं एखादं तुला स्वतःला करून बघावंसं वाटलं तर जरूर कर. तो दुरावेल या भीतीपोटी काहीही करू नकोस.

आता बोलायचं कसं? अंथरुणात नको, आणि तो मोबाइल बघताना सापडला त्या क्षणी तर नकोच. दोघंही निवांत असाल तेव्हा, 'तू असं का करतोस' ऐवजी 'रात्री मोबाइलचा उजेड दिसला की मला एकटं वाटतं' असं सांग. मग त्याला बोलू दे. त्याचा फोन चोरून तपासू नकोस; त्याने तुझीच झोप उडेल.

एक जुना उपाय आहे. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी लैंगिकता-संशोधकांनी १९७० मध्ये मांडलेला, आजही सेक्स थेरपीत वापरतात. काही आठवडे संभोग करायचाच नाही असं दोघांनी ठरवायचं आणि फक्त आळीपाळीने स्पर्श करायचा. कुठे बरं वाटतं, कुठे नको वाटतं, ते सांगायचं. तुझ्या आवडीनिवडीला इथे जागा मिळेल.

त्याला लगेच 'व्यसनी' म्हणू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात अनिवार लैंगिक वर्तन हा विकार आहे खरा. पण तो म्हणायला सहसा सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ स्वतःवर ताबा न राहणं, आणि त्यापायी काम, तब्येत, नाती यांची मोठी हानी होणं किंवा खूप त्रास होणं लागतं. नुसती अपराधी भावना पुरत नाही. तू लिहितेस की कधीकधी त्याला ताठरता येत नाही. त्यासाठी मात्र डॉक्टरांना दाखवा. मधुमेह, रक्तदाब, नैराश्यावरची काही औषधं यांमुळेही तसं होतं. सगळं खापर पॉर्नवर फोडू नका.

आणि तो बोलायलाच तयार नसेल, तर त्याची वाट बघत बसू नकोस. लैंगिक समस्यांवर काम करणाऱ्या समुपदेशकाकडे तू एकटी जा. तिथे गेल्यावर पहिल्यांदा ते 'सोडा' म्हणालेलं वाक्य सांग.

तुझी,
ताई