ऑफिसच्या इंटिरिअरसाठी मटेरियल स्वतः घेतलं आणि क्यूएसची फी वाचवली, तर काय बिघडतं?

तुम्ही विचारलंय : ६,५०० फुटांचं ऑफिस भाड्याने घेतलंय, इंटिरिअर करायचंय. भागीदार म्हणतात, मटेरियल आपणच घेऊ, ठेकेदाराला फक्त मजुरी देऊ, मोजमापं अ‍ॅडमिनचा माणूस घेईल, क्वांटिटी सर्व्हेअरची (क्यूएस) फी वाचेल. यात काय बिघडतं?

मी क्वांटिटी सर्व्हेअर आहे, म्हणजे कामाची मापं आणि बिलं तपासणारी, पुण्यात सतरा वर्षं हेच काम करते. तुमच्या भागीदारांचं वाक्य २०१८ साली खराडीतल्या एका साईटवर मला जसंच्या तसं ऐकवलं गेलं होतं. "मॅडम, टेप धरायला तो आमचा अ‍ॅडमिनवाला पण आहे." तिथे पुढे काय झालं ते आधी सांगते.

ऑफिस १६,००० फुटांचं, म्हणजे भाडं ज्यावर लागतं ते क्षेत्रफळ. इंटिरिअरची ऑर्डर १ कोटी २० लाखांची. ठेकेदार मूळचा सुतार, जोधपूरकडचा, पण वीस वर्षं पुण्यात राहिलेला, मराठी माझ्याइतकंच चांगलं बोलणारा. मी क्लायंटच्या बाजूने बिलं तपासायला होते. कार्पेट टाइल आमच्या बीओक्यूमध्ये, म्हणजे कामं, मापं आणि दरांच्या यादीत, ठेकेदाराकडेच होती, माल आणि मजुरी धरून. ऑर्डर निघायच्या आदल्या दिवशी क्लायंटच्या परचेस हेडने ती ओळ काढून घेतली. त्यांच्या ओळखीचा व्यापारी फुटामागे ९ रुपये कमी लावत होता. कार्पेटचं क्षेत्र ९,४०० फूट, म्हणजे बचत ८४,६०० रुपये. मीटिंगमध्ये हा आकडा त्यांनी दोनदा वाचून दाखवला.

ऑर्डर कुणी काढली? अ‍ॅडमिनच्या मुलाने. त्याने ड्रॉइंगवरून बरोबर मोजलं, त्याची चूक मी काढत नाही. ५० बाय ५० सेंटिमीटरची टाइल, खोक्यात वीस, म्हणजे एका खोक्यात ५ चौरस मीटर, जवळजवळ ५४ फूट. ९,४०० फुटांना १७५ खोकी. त्याने १७५ मागवली. पण टाइल खांबाभोवती कापावी लागते, भिंतीकडेला अर्धी जाते, आणि रिसेप्शनला आर्किटेक्टने गोल कडा दिली होती. पाच टक्के वेस्टेज धरायला हवं होतं. म्हणजे १८४ खोकी. नऊ कमी पडली.

नऊ खोकी म्हणजे साठ-पासष्ट हजारांचा माल. व्यापारी म्हणाला, पाठवतो. आठवड्याने आली ती दुसऱ्या लॉटची, म्हणजे वेगळ्या खेपेत बनलेली, तोच कोड, पण राखाडी रंगात निळसर झाक. हॉलच्या मधोमध पट्टा उठून दिसला असता. रंगाच्या लॉटचा हा प्रकार या धंद्यात कुणालाही माहीत असतो, म्हणून तर ठेकेदार एकाच वेळी सगळा माल उचलतो आणि दहा टाइल राखून ठेवतो.

खोकी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मेल केला : बोर्डरूम ४५० फुटांची आहे, बंद खोली आहे, तिथे जुना लॉट आधीच लागलाय. तो उचला आणि हॉलमध्ये लावा, नवीन लॉट बोर्डरूममध्ये जाऊ द्या. टाइल टॅकिफायरवर, म्हणजे पुन्हा सुटणाऱ्या गोंदावर, बसवलेली होती, फेव्हिकॉलवर नव्हे, त्यामुळे ती न फाटता उचलली जाते. एका दिवसाचं काम. परचेस हेडना ते मान्य नव्हतं. मूळ लॉटचाच माल हवा. व्यापारी आज देतो, उद्या देतो करत राहिला. मधल्या काळात हॉलमधल्या वर्कस्टेशनची एजन्सी दोनदा येऊन परत गेली. एकोणीस दिवसांनी ठरलं काय, तर टाइल बोर्डरूममधून उचला.

तोवर घरमालकाने फिट-आउटसाठी दिलेला बिनभाड्याचा काळ संपला होता. फुटाला ७५ रुपये भाडं, म्हणजे महिन्याला १२ लाख, दिवसाला ४० हजार. एकोणीस दिवसांचे ७ लाख ६० हजार. ८४,६०० वाचवायला.

इथवर झालं ते मी विसरले असते. माणसाकडून चुका होतात. पण हे पैसे कुणाच्या नावावर टाकायचे, हा प्रश्न आला तेव्हा मला बोलावून सांगण्यात आलं की ठेकेदाराचं पाच टक्के रिटेन्शन (बिलांतून राखून ठेवलेली रक्कम), म्हणजे ६ लाख, फायनल बिलात उशिराचा दंड म्हणून कापून दाखवा.

मी नाही म्हणाले. करारात उशिराची भरपाई आठवड्याला अर्धा टक्का होती, कमाल पाच टक्के. एकोणीस दिवसांचे पूर्ण तीन आठवडे धरले आणि सगळा उशीर ठेकेदाराचाच मानला, तरी दीड टक्का होतो, १ लाख ८० हजार. ६ लाख कुठून आले? शिवाय भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते, भरपाई वाजवी असावी लागते. आणि कलम ६७ तर सरळच सांगतं की काम करून घेणाऱ्याने करणाऱ्याला वाजवी सोय दिली नाही, तर त्यामुळे जे काम राहिलं त्याचा दोष करणाऱ्याकडे जात नाही. माल तुमचा, तो आला नाही तुमच्याकडून, मग उशीर त्याचा कसा? माझ्याकडे रोजची साईट डायरी होती. कोणत्या दिवशी कोण कारागीर बसून होते, कोणती एजन्सी परत गेली, सगळं तारखेनिशी, ठेकेदाराच्या आणि अ‍ॅडमिनच्या सहीनिशी. ती डायरी मी टेबलावर ठेवली. परचेस हेड म्हणाले, "तुम्ही कुणाच्या पगारावर आहात ते लक्षात ठेवा." त्यांनी माझ्या फर्मला फोन केला आणि पुढच्या बिलापासून मला त्या कामावरून काढलं.

ठेकेदार भांडला नाही. दिवाळी तोंडावर होती. मला म्हणाला, "ताई, पोरांना पैसे देऊन गावी पाठवायचंय, कोर्टात कुठे जाऊ?" ६ लाखांच्या जागी साडेतीन लाखांवर फुल अँड फायनल सही करून गेला. ते अडीच लाख त्याच्या घामाचे होते आणि मी ते वाचवू शकले नाही. म्हणून "क्यूएस काय करतो" असं कुणी विचारलं की मी चिडते. मापं घेणं हा या कामाचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा म्हणजे कोणत्या दिवशी कोण कुणामुळे थांबलं, हे त्याच दिवशी लिहून ठेवणं.

आता तुमच्याकडे येते. सगळं मटेरियल स्वतः घेऊ नका. मटेरियल ज्याचं, कमी पडलं तर, तुटलं तर, उशिरा आलं तर जबाबदारी त्याची. प्लाय, जिप्सम, रंग, कार्पेट, हार्डवेअर ठेकेदाराकडेच ठेवा. बीओक्यूमध्ये ब्रँड आणि ग्रेड लिहा. पाण्याजवळच्या कामाला आयएस ७१० (आयएस म्हणजे भारतीय मानक) चा प्लाय, बाकी आयएस ३०३ चालेल. नुसतं "चांगल्या प्रतीचा प्लाय" असं लिहिलेलं मी आजही पाहते आणि मग साईटवर काय येतं तेही पाहते.

स्वतः घ्या ते सुट्टं सामान : खुर्च्या, सुटी टेबलं, सर्व्हर, यूपीएस. इथे भागीदारांचं अर्धं बरोबर आहे, पण कारण वेगळं. इंटिरिअरचं काम वर्क्स कॉन्ट्रॅक्ट म्हणून, म्हणजे माल आणि मजुरी एकत्र, दिलं की १८ टक्के जीएसटी लागतो आणि जागेत पक्कं बसवलेल्या, पुस्तकात भांडवली धरलेल्या कामावर त्याचं इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, सहसा अडतं. सुट्टी खुर्ची थेट तुमच्या बिलावर घेतली तर ते मिळू शकतं. एसीची ऑर्डर मात्र सगळ्यात आधी द्या, व्हीआरएफ युनिटला (बाहेरच्या एका युनिटवर आतली अनेक युनिटं चालणारा एसी) आठ-दहा आठवडे सहज जातात, आणि सिलिंग तोवर बंद करता येत नाही.

अ‍ॅडमिनच्या माणसाने मोजमापं घ्यायला हरकत नाही, पण कधी? पार्टिशनच्या आत ग्लासवूल घातली की नाही, सिलिंगचा सांगाडा किती अंतरावर आहे, वायर कोणत्या जाडीची ओढली, हे बोर्ड लागायच्या आधी मोजायचं आणि फोटो काढायचे. बोर्ड लागल्यावर टेप घेऊन येणारा माणूस ठेकेदार सांगेल ते लिहून जातो. मापाची पद्धतही ठरलेली असते. आयएस १२०० या मोजमापाच्या मानकाप्रमाणे प्लास्टरमध्ये अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट होत नाही. ऑर्डरमध्ये "मोजमाप आयएस १२०० प्रमाणे" एवढी एक ओळ नसेल, तर प्रत्येक खिडकीवर वाद होतो.

कम्पॅरेटिव्हमध्ये, म्हणजे ठेकेदारांच्या दरांच्या तुलनेच्या तक्त्यात, नुसती खालची बेरीज पाहून एल-वनला, म्हणजे सगळ्यात कमी बेरीजवाल्याला, ऑर्डर देऊ नका. अनुभवी ठेकेदाराला कळतं की तुमच्या ड्रॉइंगमध्ये इलेक्ट्रिकचे पॉइंट कमी दाखवलेत आणि ते वाढणारच. तो पॉइंटचा दर चढा लावतो आणि जे रद्द होणार असं त्याला दिसतं, त्याचा दर पाडतो. बेरीज सगळ्यात कमी दिसते. शेवटच्या बिलात तोच सगळ्यात महाग पडतो. हे ओळीओळीने दर ताडल्याशिवाय दिसत नाही.

तुमच्या कामाला पूर्णवेळ क्यूएस लागेल असं माझं म्हणणं नाही, हेही सांगायला हवं. ६,५०० फुटांना तीन वेळा बोलावला तरी पुरतो : ऑर्डर निघायच्या आधी बीओक्यू बघायला, सिलिंग आणि पार्टिशन बंद व्हायच्या आधी, आणि फायनल बिलाला. ठेकेदाराशी संगनमत करणारे क्यूएसही मी पाहिलेत, तेव्हा फी ठरवताना त्याच्या आधीच्या दोन क्लायंटशी बोला. जीएसटीचं जे लिहिलंय ते तुमच्या सीएला दाखवून घ्या, कारण काम पुस्तकात कसं दाखवता यावर बरंच अवलंबून असतं. आणि भागीदारांना कार्पेट स्वतःच घ्यायचं असेल, तर पाच टक्के जास्त धरा, सगळी खोकी एका लॉटची आहेत हे गाडी उतरतानाच बघा, आणि माल उशिरा आला तर ठेकेदाराला तेवढे दिवस वाढवून मिळतील ही ओळ करारात स्वतःहून घाला.