नेट गेलं नव्हतं

'रामबागेतली रडवेली' अशी सही करून इंदूरच्या एका चोवीस वर्षांच्या मुलीनं पत्र पाठवलंय. सॉफ्टवेअरमधली पहिली नोकरी कपातीत गेली. त्यानंतर आठ महिन्यांत अकरा मुलाखती. खोलीचं दार लावून रोज अभ्यास. शेवटची मुलाखत घरूनच होती, समोरच्याचा कॅमेरा बंद. प्रश्न बायनरी सर्चचा, म्हणजे क्रमानं लावलेल्या यादीत दर वेळी मधोमध बघून निम्मी बाद करत शोधायचा; त्याचा कोड हिनं पन्नासदा लिहिलेला. 'मिड' म्हणजे मधली जागा काढायच्या ओळीवर हात गार पडले, पलीकडून हूं की चूं नाही, आणि हिनं लॅपटॉप मिटून टाकला. घरी सांगितलं, नेट गेलं. बाबांनी दुसऱ्या दिवशी आणखी एक कनेक्शन घेतलं! आता विचारते, मावशी, ही लाइन सोडून बँकेच्या परीक्षा देऊ का?

अगं पोरी,

बँकेचं नंतर बोलू. आधी ती 'मिड'ची ओळ. लो आणि हाय, म्हणजे यादीच्या दोन टोकांचे क्रमांक, यांची बेरीज करून दोननं भागायचं, एवढीच ती. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीत, म्हणजे तिच्यासोबत येणाऱ्या तयार कोडमध्ये, ती जोशुआ ब्लॉक या प्रोग्रामरनी अशीच लिहिली होती. आकडे फार मोठे झाले की बेरीज २,१४,७४,८३,६४७ या तिथे मावणाऱ्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या पुढे जाते आणि उत्तर चक्क उणे येतं. सुमारे नऊ वर्षं ही चूक तिथे सुखानं नांदली; २००६ साली ब्लॉक यांनी स्वतःच ती जगजाहीर केली. त्यांच्यासमोर तर कुणी घड्याळ लावून बसलं नव्हतं.

समोर माणूस बसला की काय होतं, तेही मोजून झालंय. २०२० मध्ये नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटी आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ४८ विद्यार्थ्यांना कोडिंगचा प्रश्न दिला. काहींना एकटं सोडलं, काहींना माणसासमोर बोलत बोलत सोडवायला लावला. माणूस असलेल्यांची कामगिरी निम्म्याहून खाली आली. एकट्या बसलेल्या सगळ्या मुलींना उत्तर आलं, माणसासमोरच्या एकीलाही नाही. मुली मोजक्याच होत्या, तेव्हा त्यावरून फार ताणू नकोस. पण गार हात काही तुझ्या एकटीचे नाहीत.

पन्नासदा लिहिलंस, पण कुणाच्या देखत किती वेळा? दार उघड. आजी मटार सोलत बसली की तिच्यापुढे वही घेऊन बस आणि मोठ्यानं बोल, मराठीतच. 'आजी, नावांच्या यादीत कुलकर्णी शोधायचेत. मधलं पान उघडलं, 'प' निघाला, म्हणजे पुढची अर्धी वही बाद.' दहा लाख नावं असली तरी वीसेक वेळा पान उघडलं की माणूस सापडतो. आजी मध्येच विचारेल, कुठले कुलकर्णी, राजवाड्यामागचे का? विचारू दे. मुलाखतीतही असंच मध्ये तोडतात. मग तेच इंग्रजीत, मैत्रिणीला फोनवर. तिचा कॅमेरा बंद, आणि तिला बजाव की पाच मिनिटं तोंड उघडायचं नाही. ती शांतता अंगवळणी पडायला हवी.

मी बावीस वर्षं पॉलिटेक्निकात व्हायवा घेतल्या. गप्प पोरापुढे आमचीच पंचाईत व्हायची: याला येत नाहीये की हा घाबरलाय? चुकीचं का होईना, बोलणाऱ्याला हात देता यायचा. तेव्हा अडलीस तर 'आधी तीन आकड्यांवर करून बघते' एवढं तरी म्हण. आणि मुलाखत संपली की त्याच संध्याकाळी प्रश्न वहीत उतरव, सकाळपर्यंत निम्मा विसरतो.

बाजार मंदा आहे, कबूल. काही नकारांशी तुझा संबंधही नसतो, जागाच रद्द झालेली असते. सुपर कॉरिडॉरवरचे आयटी कंपन्यांचे मोठे कॅम्पस सोड, विजयनगरातल्या एखाद्या लहान ऑफिसात टेस्टिंगची जागा मिळाली तरी घे. महिन्याचा पगार येत असला की मुलाखतीत आवाज कमी कापतो. पुण्यातल्या चुलतभावाचं पॅकेज ऐकवणारे नातेवाईक या सल्ल्यावर नाक मुरडतील, मुरडू देत.

बँकेची परीक्षा मनापासून द्यावीशी वाटली तर जरूर दे. पण पीओ, म्हणजे बँक अधिकाऱ्याच्या जागेलाही शेवटी मुलाखत असतेच, तिथून कुठे पळशील?

आणि बाबांना खरं काय ते सांग. रागावतील, दहा मिनिटं. मग ते दुसरं कनेक्शन बंद करायला सांग, दर महिन्याला फुकट पैसे जातायत.

तुझी,
मावशी