तुझी चूक कोण पकडणार?

साखळी (गोवा), रविवार

चि. पोरी, आशीर्वाद.

तुझी यादी मिळाली. प्रोग्रामिंगचे चौदा ऑनलाइन अभ्यासक्रम, त्यांतले सहा अर्धवट, आणि खाली प्रश्न : 'काका, यांतला चांगला कुठला?' बाबा म्हणतात तुझं मन लागत नाही. मला तसं वाटत नाही. तू व्हिडिओ बघतेस, मान डोलावतेस, पुढचा लावतेस. सहा ठिकाणी मिळून एकानेही तुला 'हे चुकलं' म्हटलेलं नाही. म्हणून यादी बाजूला ठेव आणि सांग, तुझी चूक कोण पकडणार?

हे माझं खूळ कुठून आलं ते ऐक. नव्वदच्या दशकात एका क्लासात मी फॉक्सप्रो ही नोंदी-हिशोबाचे प्रोग्राम लिहायची भाषा शिकलो. सोनेरी काठाचं प्रमाणपत्र मिळालं, पण माझा एकही प्रोग्राम कुणी चालवून पाहिला नव्हता. पुढे खाण कंपनीच्या ऑफिसात लागलो आणि ट्रकांच्या खेपांचा हिशोब संगणकावर आणला. तारीख बदलली की आधीच्या दिवसाची बेरीज एकूणात मिळवायची, असा तो प्रोग्राम. पण महिन्याची यादी शेवटच्या दिवशी संपते, त्यानंतर तारीख बदलतेच कुठे? त्या दिवसाच्या खेपा गळायच्या. सगळ्या ट्रकांच्या, दर महिन्याला. चार महिने कुणाला पत्ता नाही. मग एक ट्रकवाला काट्यावरच्या पावत्यांचा गठ्ठा घेऊन आला आणि टेबलावर आपटला. "सायबा, ३१ तारखेक हांव न्हिदिल्लों कितें?" म्हणजे, ३१ तारखेला मी झोपलो होतो काय?

पैसे चुकते केले. त्याची नजर अजून आठवते. तरी सांगतो, त्या ऑफिसात संगणकाला हात लावणारा मी एकटाच होतो, दाखवणार कुणाला? दुरुस्तीनंतर २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत तोच प्रोग्राम चालला आणि एक पैसा इकडचा तिकडे झाला नाही. हेही लक्षात ठेव.

आता तुझी यादी. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत, छोटे आहेत, उतरवून ठेवता येतात. तुमच्या वाळपईला पावसात वीज जाते तेव्हा बरे. पण ते चूक पकडत नाहीत, म्हणून जोडीला ठेव. हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा संगणकशास्त्राचा पहिला अभ्यासक्रम, किंवा त्यातला फक्त पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा भाग, फुकट आहे आणि तिथे चेक५० नावाचं साधन तुझा प्रोग्राम चालवून कुठे फसला ते दाखवतं. मला तो फार आवडतो. मेख एवढीच की काम ब्राउझरमध्ये करायचं, म्हणजे नेट हवं. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आयआयटी रोपडचा 'जॉय ऑफ कम्प्युटिंग' बारा आठवड्यांचा आहे. दर आठवड्याचं काम मुदतीत द्यावं लागतं, आणि फी फक्त परीक्षेला बसलीस तर. जुलैचं सत्र धर. मुदत चुकली की चुकली, तिथे बाबांची चिठ्ठी चालत नाही, हेच मला पसंत.

इग्नू या मुक्त विद्यापीठाचं बीसीए पदवीसाठी ठीक. पण आज दुपारी लिहिलेल्या ओळीतली चूक डिसेंबरच्या परीक्षेत कळून काय करणार? आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएस पदवीला जेईई लागत नाही, आधी चार आठवड्यांचा अभ्यास आणि केंद्रावर जाऊन परीक्षा. कडक आहे, चांगलं आहे. पण पैसे आणि वर्षं घेणारं आहे. आधी लूपशी, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करवणाऱ्या ओळींशी, तीन महिने झगड, मग त्याचं बोलू.

आणि ते एआयकडून लिहून घेणं बंद कर. तो तुझी चूक गुपचूप दुरुस्त करून देतो आणि तू कोरडीच राहतेस. चिडतोय असं वाटेल. चिडतोच आहे! तेरा जणांना नाही म्हणायला तुला इतकं जड का जावं? कुठला 'सर्वांत चांगला' ते शोधत मी पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत कितीतरी शनिवार घालवले. तिथल्या पुस्तकांनीही मला कधी 'चुकलास' म्हटलं नाही.

एक ठरव आणि मला कळव. चवथीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला येणारच आहे, तेव्हा न चाललेला प्रोग्राम दाखव. चाललेला नको.

तुझा,
काका