गाडी माझी, पैसे माझे; मग इंजिनच्या ईसीयूला कंपनीचं कुलूप का?

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: गाडी टर्बो पेट्रोल, वॉरंटी अजून शिल्लक, आणि ईसीयूतले, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातले, आकडे बदलून (याला रीमॅप म्हणतात) ताकद वाढवायची आहे. ट्यूनर म्हणतो, "ईसीयू लॉक्ड आहे, काढून द्यावा लागेल." आणि स्वतःच्या गाडीत कंपनी आडवी का येते, हे तुम्हाला कळत नाहीये. मी ईसीयू दुरुस्तीचं आणि रीमॅपचं काम करतो, तेव्हा माझं माप ट्यूनरकडे थोडं झुकणार, हे धरूनच वाचा.

ईसीयूत ढोबळमानाने असतात आकड्यांची कोष्टकं. इतके आरपीएम, इतका लोड, तर इंधन इतकं, स्पार्क इतक्या अंशांवर, बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) इतका. पूर्वी ही कोष्टकं एका सुट्या चिपवर असत. चिप काढायची, आकडे बदलायचे, नवी चिप बसवायची, काम झालं. पुढे फ्लॅश मेमरी आली आणि तेच काम ओबीडी पोर्टमधून (गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटमधून) व्हायला लागलं. मग कंपन्यांनी एकेक अडसर घालायला सुरुवात केली.

पहिला अडसर चेकसमचा. ती नुसती बेरीज असते. आकडा बदलला की जुळत नाही, पण नवी बेरीज मांडून ठेवली की ईसीयूची समजूत पटते. डिजिटल सहीचं तसं नाही. सही करायची खासगी किल्ली कंपनीकडे, ईसीयूकडे फक्त ती सही पडताळायची किल्ली. बॉश कंपनीच्या ईसीयूंच्या एमजी१ आणि एमडी१ पिढीत ही तपासणी प्रोसेसरमधल्या वेगळ्या सुरक्षा विभागाकडे असते. एक बिट इकडचा तिकडे झाला तरी नवा कोड चालत नाही. मग पडताळणीलाच बगल देणारं भोक शोधावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा ओबीडीवरून सापडत नाही.

म्हणून ईसीयू काढून मागतात. नशीब असेल तर टेबलावर कनेक्टरमधूनच काम होतं. नाहीतर सीलंटने चिकटवलेलं झाकण गरम करून कडेकडेने उचकटायचं, बोर्डावरचा ठरलेला पॉइंट ग्राउंडला टेकवून सप्लाय द्यायचा, म्हणजे प्रोसेसर बूट मोडमध्ये उठतो आणि बाहेरून वाचता-लिहिता येतो. उचकटायची पट्टी जरा जास्त आत गेली की कडेचा एखादा बारीक कपॅसिटर उडतो, आणि मग रीमॅप राहतो बाजूला, ईसीयूच दुरुस्तीला जातो.

बरं, सगळेच अडसर तुमच्याविरुद्ध नसतात. आजच्या इंजिनमध्ये पेडल दाबलं की ईसीयू आधी टॉर्क किती हवा ते ठरवतो, मग तो गिअरबॉक्सच्या, तापमानाच्या मर्यादांतून गाळतो, आणि मग हवा-इंधनाकडे वळतो. शिवाय प्रत्यक्ष टॉर्क हिशेबाबाहेर गेला का, हे एक स्वतंत्र तपासणी बघत असते. नुसता बूस्ट वाढवलात तर गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे ताकद कापून कशीबशी चालते. याला कंपनीचा खोडसाळपणा म्हणणारे ट्यूनर मी पाहिलेत. थ्रॉटल अडकला तर गाडी स्वतःहून सुसाट सुटू नये म्हणून ती तपासणी आहे, तिला हात लावू नये.

आता 'का' या प्रश्नाकडे. वॉरंटीचं कारण खरं आहे. टॉर्क वाढवून क्लच जाळायचा, मूळ फाइल परत टाकायची आणि साळसूदपणे क्लेम करायचा, हे सर्रास चालायचं. म्हणून फ्लॅश, म्हणजे ईसीयूत नवी फाइल टाकणं, किती वेळा झालं याचे काउंटर आले. फोक्सवॅगन समूहात बदललेलं सॉफ्टवेअर आढळलं की गाडीच्या नावावर 'टीडी१' असा शेरा बसतो, आणि मग इंजिन-गिअरबॉक्सच्या क्लेमवर पाणी सोडायची तयारी ठेवावी लागते.

प्रदूषणाचं कारणही खरं. अमेरिकेच्या ईपीएने (पर्यावरण संरक्षण संस्थेने) 2020 मध्ये अंदाज दिला की दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची उत्सर्जन-यंत्रणा काढून टाकली गेली. डीपीएफ (काजळीचा फिल्टर) आणि ईजीआर (धूर परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) 'डिलीट' करून देणाऱ्यांनी आमचा धंदा जेवढा बदनाम केला तेवढा कुठल्याच कंपनीने केला नाही.

पण इथेच पाणी मुरतं. 2015 च्या जुलैमध्ये अमेरिकेत वाद चालू होता की मालकाने गाडीचं सॉफ्टवेअर उघडलं तर तो कॉपीराइटचा भंग ठरावा का. ईपीएने लेखी कळवलं की अशी सूट देऊ नका, लोक उत्सर्जनाशी खेळतील. दोनच महिन्यांनी, सप्टेंबरात, त्याच ईपीएला फोक्सवॅगनवर नोटीस काढावी लागली. जगभरातल्या सुमारे 1 कोटी 10 लाख डिझेल गाड्यांमध्ये चाचणी ओळखून फसवणारा कोड होता, आणि तो कंपनीनेच घातलेला. तो माग लागला धुराच्या नळकांड्यातून. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या लोकांनी गाड्या रस्त्यावर चालवून मोजमाप केलं होतं. बंद कोडात डोकावायची सोय बाहेरच्या कुणालाच नव्हती. ऑक्टोबरात मालकाला दुरुस्ती आणि कायदेशीर बदलांसाठी सूट मिळाली, तीही वर्षभराने लागू होईल अशी. कुलूप उघडायची साधनं विकण्यावरची बंदी मात्र तशीच राहिली. म्हणजे हक्क दिला, पण हत्यार स्वतः घडवा!

हॅकिंगची भीतीही पोकळ नाही. 2015 मध्येच दोन संशोधकांनी धावती जीप चेरोकी इंटरनेटवरून ताब्यात घेऊन दाखवली आणि 14 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. मात्र त्यानंतर त्या कंपनीच्या गाड्यांत जो सिक्युरिटी गेटवे आला, त्यामुळे बाहेरच्या मेकॅनिकला साधा फॉल्ट कोड पुसायलाही अधिकृत प्रवेश लागू लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी.

आणि धंदा? मर्सिडीजने 2022 मध्ये अमेरिकेत विजेवरच्या ईक्यू गाड्यांचं वाढीव अ‍ॅक्सिलरेशन वर्षाला 1,200 डॉलरला देऊ केलं, हार्डवेअर तेच. स्वतः पैसे घेऊन हीच ताकद खुली करणाऱ्यांनी 'तुमच्या सुरक्षेसाठी' म्हणून दार बंद केलं, की मला हसू येतं. माझ्या मते कुलपापेक्षा नोंद बरी: कोणी, कधी, काय बदललं याची पुसता न येणारी नोंद ठेवा, जबाबदारी मालकावर टाका आणि दार उघडं ठेवा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर वॉरंटी संपेपर्यंत थांबा. "कंपनीला कळणारच नाही" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ओबीडीवरून कॅलिब्रेशनचा पडताळणी क्रमांक वाचता येतो. कॅलिफोर्नियात जुलै 2021 पासून धूरचाचणीतच बदललेलं सॉफ्टवेअर पकडतात. थांबायचंच नसेल तर मूळ फाइलची पूर्ण प्रत आधी स्वतःच्या ताब्यात घ्या, आणि ट्यूनरला विचारा की तुमचा गिअरबॉक्स किती टॉर्क झेलतो. आकडा सांगता आला नाही तर ईसीयू काढून देऊ नका.