एडमंटनला नोव्हेंबरमधे येताय ना, मग गाडीचं आधी बघा

तुमचा प्रश्न वाचला. नाशिकहून नोव्हेंबरच्या मध्यावर कॅनडात एडमंटनला येणार, सोबत बायको आणि चार वर्षांची मुलगी, आल्या आल्या सेकंडहँड ऑल व्हील ड्राइव्ह एसयूव्ही घ्यायचा विचार, आणि "ताई, एवढी दणकट गाडी घेतल्यावर वेगळे विंटर टायर लागतात का, आणि थंडीसाठी अजून काय करून घ्यायचं" असं विचारलंय. लागतात हो. बजेट ताणलेलं असेल तर एसयूव्ही राहू द्या, साधी कोरोला किंवा सिव्हिक घ्या आणि वाचलेल्या पैशात चांगले टायर नि नवी बॅटरी टाका. आमच्या घरी अशीच छोटी गाडी आहे आणि जानेवारीत रोज ऑफिसला जाते.

आपली माणसं इकडे आली की सगळ्यात आधी इथेच फसतात. ऑल व्हील ड्राइव्हमुळे, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना मिळते त्यामुळे, सिग्नलवरून गाडी झटकन निघते, गल्लीत साचलेल्या बर्फातून बाहेर येते, पण थांबताना त्याचा काडीचा उपयोग नाही, ब्रेक तर चारही चाकांना आपल्या अल्टोला पण असतात. गाडी थांबते ती टायरच्या रबरावर. ऑल सीझन टायरचं रबर ७ डिग्रीच्या खाली कडक व्हायला लागतं आणि उणे २० ला त्याची रस्त्यावरची पकड खूपच कमी होते, विंटर टायरचं रबर त्या थंडीतही मऊ राहतं, फरक एवढाच पण तो चौकात समजतो. कारण चौकात गाड्या थांबून थांबून, त्यांच्या धुराच्या वाफेने आणि चाकांनी घासून बर्फ असा गुळगुळीत झालेला असतो की दिसतच नाही.

टायर घेताना बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि आत स्नोफ्लेक असं चिन्ह आहे का ते बघा, नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो, चिखल-बर्फ) लिहिलेलं असेल तर एडमंटनसाठी ते धरू नका. चारही घ्यायचे, पुढचे दोनच बदलले तर मागची बाजू घसरून गाडी फिरते. जुने घेणार असाल तर टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, ३५२१ म्हणजे २०२१ चा पस्तिसावा आठवडा, सहा-सात वर्षांपूर्वीचा टायर दिसायला कितीही नवा असला तरी रबर म्हातारं झालेलं असतं. शक्यतो वेगळ्या स्टीलच्या रिमवर बसवलेला सेट घ्या म्हणजे ऑक्टोबर आणि एप्रिलमधे नुसती चाकं बदलायची, आणि बदलल्यावर ५०-१०० किलोमीटरने नट पुन्हा आवळून घ्यायचे. अपार्टमेंटमधे दुसरा सेट ठेवायला जागाच नसेल तर ऑल वेदर टायर मिळतात, नाव ऑल सीझनसारखं वाटतं पण त्यावर स्नोफ्लेक असतो, ते वर्षभर चालतात. पहिला बर्फ पडला की टायरवाल्यांकडे आठवडे आठवडे अपॉइंटमेंट मिळत नाही आणि तुम्ही नेमके त्याच सुमारास येताय, म्हणून गाडी घेतानाच विंटर टायरसकट मिळते का बघा.

कायद्याचं म्हणाल तर अल्बर्टात, म्हणजे एडमंटनच्या प्रांतात, विंटर टायरची सक्ती नाही, क्यूबेकमधे १ डिसेंबर ते १५ मार्च आहे, ब्रिटिश कोलंबियात बऱ्याचशा हायवेवर १ ऑक्टोबरपासून, आणि जॅस्परहून बॅन्फला जाणाऱ्या आइसफील्ड्स पार्कवेवर १ नोव्हेंबर ते १ एप्रिल. डोंगर बघायला तर तुम्ही जाणारच.

आता ब्लॉक हीटर. भारतातून येणाऱ्याला हे प्रकरणच माहीत नसतं. गाडीच्या पुढच्या जाळीतून साधा तीन पिनांचा प्लग लोंबकळताना दिसला की कुणी अर्धवट काम सोडून गेलंय असं समजू नका, इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरची ती वायर आहे आणि रात्री ती भिंतीतल्या सॉकेटला लावायची असते. उणे १५-२० च्या खाली गेलं की इंजिन ऑइल घट्ट होतं, बॅटरीची ताकद निम्म्याहून कमी होते, म्हणजे जास्त जोर लागणार तेव्हाच जोर कमी. ब्लॉक हीटर इंजिनातलं कूलंट कोमट ठेवतो त्यामुळे पहिल्या झटक्यात गाडी सुरू होते. रात्रभर लावायची गरज नाही, निघायच्या आधी तीन-चार तास पुरतात, म्हणून बाहेर वापरायचा टायमर आणि जाड, बाहेरच्या थंडीसाठीची एक्स्टेंशन कॉर्ड घ्या, घरातली पातळ पांढरी वायर नको, ती थंडीत ताठ होऊन तडकते.

आणि यासाठीच घर बघताना घरमालकाला एक प्रश्न नक्की विचारा, पार्किंगचा स्टॉल एनर्जाइज्ड आहे का, म्हणजे सॉकेट आहे का आणि चालू आहे का. काही बिल्डिंगमधे ती वीज चालू-बंद होत राहते, त्याने काही बिघडत नाही. भाडं पन्नास डॉलर जास्त असलं तरी चालेल पण प्लग हवा, किंवा मग हीटेड अंडरग्राउंड पार्किंग. गाडी बघायला जाल तेव्हा विकणाऱ्यासमोर ब्लॉक हीटर लावून बघा, वायर आहे पण हीटर जळालेला हे फार कॉमन आहे. व्हँकुव्हरकडून आलेल्या गाडीत तर तो नसतोही. (आणि सकाळी निघताना प्लग काढा हो, वायर फरपटत नेणारा एक तरी जण दर हिवाळ्यात दिसतोच.)

थंडी किती ते कळावं म्हणून सांगते, जानेवारी २०२४ मधे इथे पारा उणे ४० च्या खाली गेला होता आणि १३ तारखेला संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर इमर्जन्सी अलर्ट वाजला, वीज कमी पडतेय, गाड्यांचं चार्जिंग आणि ब्लॉक हीटर थोडा वेळ थांबवा म्हणून. असे दिवस वर्षात मोजकेच असतात पण गाडीची तयारी त्या दिवसांच्या हिशोबानेच करायची. विंड चिलचा, म्हणजे वाऱ्यामुळे थंडी किती जाणवते त्याचा, आकडा ऐकून मात्र गाडीसाठी घाबरू नका, वाऱ्याने इंजिन लवकर गार होतं पण हवेच्या तापमानाच्या खाली जात नाही, तो आकडा आपल्या कातडीसाठी.

बॅटरी चार-पाच वर्षांची झाली असेल तर चालतेय तोवर चालवू असं करू नका, दुकानात टेस्ट करून घ्या, नवी घेताना कोल्ड क्रँकिंग अँप्सचा (थंडीत इंजिन सुरू करायची ताकद) आकडा कंपनीने सांगितलाय त्यापेक्षा कमी नको. ऑइल सिंथेटिक, मॅन्युअलमधे चालत असेल तर ०डब्ल्यू वालं, ते थंडीतही पातळ राहतं. कूलंट निम्मं-निम्मं असेल तर साधारण उणे ३७ पर्यंत टिकतं, गॅरेजवाल्याला मोजायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. काच धुवायचं निळं पाणी उणे ४० वालं घ्या, उन्हाळ्याचं राहिलं असेल तर आधी संपवा नाहीतर टाकीतच गोठतं. त्यात मिथेनॉल असतं, विष आहे, पोरीच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

टायरची हवा दर ५-६ डिग्रीला साधारण १ पीएसआय उतरते, म्हणून थंडीची लाट आली की डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, पंक्चर नसतं, हवा भरायची. उणे ३० ला रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिला किलोमीटरभर चौकोनी चाकं लावल्यासारखी धडधडते, तेही नॉर्मल आहे. सुरू केल्यावर पाचेक मिनिटं थांबा आणि मग हळूहळू चालवत तापवा, अर्धा तास जागेवर उभी करून काही मिळत नाही. बंद गॅरेजमधे तर अजिबात चालू ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइड.

काचेवर गरम पाणी ओतायचं नाही, तडकते. आतून धुरकटली तर कसारा घाटात पावसाळ्यात करता तेच, एसी लावून हवा काचेवर सोडा आणि रीसर्क्युलेशन बंद. छतावरचा बर्फ पण झाडा, ब्रेक मारला की तो सगळा पुढच्या काचेवर येतो. जुन्या गाडीत दिवसाचे ऑटोमॅटिक लाइट पुढेच लागतात, मागचे लागत नाहीत, त्यामुळे बर्फ उडत असेल तेव्हा हेडलाइट हाताने लावा.

डिकीत फावडं, बूस्टर केबल, जाड ब्लँकेट, टॉर्च, चाकाखाली टाकायला वाळूची पिशवी. टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. कॅल्गरी इथून ३०० किलोमीटर आहे, निघण्याआधी ५११ अल्बर्टा या रस्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेवर रस्ता बघा आणि रस्ता खराब दाखवत असेल तर सरळ जायचं रद्द करा. हायवेवर अडकलात तर गाडी सोडून चालत जायचं नाही, सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढायचा आणि तासाला दहाएक मिनिटंच इंजिन लावायचं, खिडकी किंचित उघडी ठेवून.

मुलीच्या कार सीटचं तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते. ६ वर्षांच्या आत आणि १८ किलोपर्यंत वजन असेल तर इथे ती कायद्याने लागते. जाड फुगीर जॅकेट घालून पट्टे लावले तर ते खरं म्हणजे सैलच राहतात, म्हणून जॅकेट काढून बसवायचं, पट्टे आवळायचे आणि वरून जॅकेट किंवा ब्लँकेट पांघरायचं. पहिल्या दिवशी रडारड होईल. घरातूनच गाडी सुरू करून तापवता येणारा रिमोट स्टार्टर असेल तर ती कमी होते, माझ्या मते सनरूफपेक्षा त्याचे पैसे द्या.

लायसन्सचं थोडक्यात, भारतातलं ९० दिवस चालतं मग अल्बर्टाचं काढायचं. किती वर्षांपासून लायसन्स आहे याचं पत्र नाशिक आरटीओतून निघण्याआधी घेऊन ठेवा, इकडून मागवायला वैताग येतो आणि इन्शुरन्सवाले पण ते विचारतात. कुठली गाडी बघताय ते ठरलं की वर्ष आणि किलोमीटर टाका, मग सांगते.